उन्हाळी धान: पऱ्हे कधी टाकायचे? तारीख, थंडी, ऊन आणि निसव्याचा हिशेब

बांधीवाला | १८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

भंडारा-गोंदियाकडे खरिपाचं धान पुंजण्यांवर आलं की दरवर्षीचा वाद सुरू होतो. एक बाजू म्हणते, थंडीत पऱ्हे (रोवणीसाठी वाफ्यात वाढवलेली रोपं) वाढत नाहीत, पिवळे पडतात, म्हणून संक्रांत होऊ द्या. दुसरी म्हणते, डिसेंबरचा पहिला आठवडा चुकला की लोंब्या पोचट. दोघांकडेही कारणं आहेत, पण ती कोणी नीट मांडत नाही.

वाण १०१०, जमीन मध्यम-भारी, पाणी बोअरचं धरून सांगा. नुसती तारीख नको, तीच का तेही लिहा. कोकण-गोव्याच्या मंडळींनी वायंगणाबद्दलही (तिकडच्या उन्हाळी भाताबद्दल) लिहावं.

निसवामोजणी | १८ नोव्हेंबर, रात्री १०:३५

भाऊ, पेरणीपासून पुढे मोजत गेलात तर वाद मिटणार नाही. निसवा (लोंबी बाहेर पडणं) कधी यायला हवा ते आधी ठरवा आणि तिथून मागे या.

धानाची खरी नाजूक वेळ म्हणजे फुलोऱ्याचे ७-८ दिवस. फूल सकाळी साधारण ९ ते ११:३० मध्ये उघडतं आणि तासाभरात मिटतं. त्या तासात हवा ३५ अंशांच्या वर असली तर परागकोश नीट फुटत नाहीत, पराग कुक्षीवर पुरेसे पडत नाहीत आणि दाणा पोचट राहतो. नंतर कितीही पाणी, कितीही युरिया द्या, तो दाणा भरत नाही. आपल्याकडे मार्चअखेर दुपारचा पारा ३८-३९ ला टेकतो, पण सकाळी १० वाजता अजून सोसण्यासारखं असतं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी १० लाच ३५ पार. म्हणून निसवा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, फार तर ५ एप्रिलच्या आत.

आता मागे येऊ. वाणाचे दिवस हे खरिपातले दिवस असतात. १०१० खरिपात ११५-१२० दिवसांचं आणि निसवा साधारण ९० व्या दिवशी. पण पीक दिवस मोजत नाही, ऊब मोजतं. दिवसाचं सरासरी तापमान (कमाल अधिक किमान, भागिले २) घ्या, त्यातून १० वजा करा. उरेल ती त्या दिवसाची कमाई. १० च्या खाली धानाची वाढ जवळजवळ थांबते म्हणून १० वजा.

खरिपात सरासरी २७.५, म्हणजे रोजची कमाई १७.५. ९० दिवसांत झाले १५७५. निसव्याला लागणारी शिदोरी ही.

उन्हाळीत रोजची कमाई साधारण अशी धरा: डिसेंबर १०.५, जानेवारी ११, फेब्रुवारी १४, मार्च १८.५, एप्रिल २३.

१ डिसेंबरला टाकलं तर फेब्रुवारीअखेर १०५८ जमा. उरलेले ५१७ मार्चमध्ये २८ दिवसांत. निसवा २८ मार्च.

१ जानेवारीला टाकलं तर मार्चअखेर १३०६. उरलेले २६९ एप्रिलच्या १२ दिवसांत. निसवा १२ एप्रिल.

२० जानेवारीला टाकलं तर निसवा २१ एप्रिल.

गंमत बघा. पेरणीत ५० दिवसांचा फरक, निसव्यात फक्त २४ दिवसांचा. म्हणूनच लोक म्हणतात, "उशिरा टाकलं तरी जवळपास तेव्हाच निसवतं, मग घाई कशाला?" ते २४ दिवस नेमके कुठल्या महिन्यात पडतात हे कोणी बघत नाही. शिवाय उशिराच्या पिकाला फुटव्यांचा काळ कमी मिळतो. निसव्यापर्यंतचे जे २६ दिवस कमी झाले ते सगळे वाढीचेच होते.

मामातलाव | १८ नोव्हेंबर, रात्री ११:०२

हिशेब चांगला आहे, पण एक दुरुस्ती. एप्रिलमध्ये सरासरी ३३ येते तेव्हा २३ कमाई धरता येत नाही. ३० च्या वर वाढीचा वेग वाढत नाही, उलट पिकाला ताणच बसतो. तिथे २० वर कात्री लावा. मग १ जानेवारीचा निसवा १४ एप्रिलला जातो आणि २० जानेवारीचा २४ ला.

दुसरं म्हणजे रोवणीनंतर (पऱ्हे उपटून शेतात लावल्यावर) रोप बसतं तेव्हाचे काही दिवस वाया जातात. खरिपात ४-५, थंडीत ८-१० सुद्धा. पऱ्हे उपटताना मुळं तुटली असतील तर आणखी. म्हणून १ डिसेंबरचा निसवा प्रत्यक्षात २८ मार्चऐवजी १ ते ३ एप्रिल धरा. त्यामुळे २५ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर हाच काळ माझ्या मते बरोबर. नोव्हेंबरच्या मध्यात टाकायला हरकत नाही, पण बांधी (धानाचं शेत) मोकळी कुठे असते?

निसवामोजणी | १८ नोव्हेंबर, रात्री ११:१५

कात्री मान्य. हिशेब सोपा ठेवायला लावली नव्हती.

उन्हाळवाही | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

३५ चा बाऊ जरा जास्तच होतोय. संक्रांतीनंतर टाकलेलं धानही बोअरच्या पाण्यावर पिकतंच की दरवर्षी. सगळं पोचट झालं असतं तर लोकांनी केव्हाच सोडलं असतं.

पोटरी | १९ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

दादा, तुमच्या म्हणण्यातही तथ्य आहे, पण त्यामागचं कारण समजून घ्या. ३५ ही हवेची मर्यादा झाली. फुलाला कळते ती त्याची स्वतःची ऊब. हवा कोरडी असेल आणि मुळाशी पाणी भरपूर असेल तर पानांतून-लोंब्यांतून बाष्प भराभर निघतं आणि पीक हवेपेक्षा कितीतरी अंशांनी थंड राहतं. माठातलं पाणी थंड होतं तसंच. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या रिव्हरिना भागात फुलोऱ्यात पारा ४० च्या वर गेला तरी धान चांगलं पिकतं, ते कोरड्या हवेमुळे आणि साठवलेल्या पाण्यामुळे. दमट हवेत मात्र ३५-३६ लाच दाणे पोचट व्हायला लागतात.

विदर्भातली हवा कोरडी, म्हणून उशिराचं धान थोडं वाचतं. पण तीन अटी आहेत:

निसव्याला सुरुवात झाल्यापासून पुढचे १५ दिवस बांधीत ५ सेंटिमीटर पाणी हवंच. वीज रात्रीची असेल तर रात्री भरा, सकाळी ९ ला बांधी कोरडी दिसता कामा नये. एका दिवसाची फट पडली तरी त्या दिवशी उघडलेली फुलं गेली.

पश्चिमेकडून गरम वारा सुटला तर कुक्षीच वाळते, तिथे माठाचं गणित चालत नाही. कडेच्या दोन-तीन ओळी आधी पोचट होतात, तिथेच बघा.

आणि रात्री. रात्रीचं कोणी बोललंच नाही. पिकाने दिवसा कमावलेलं रात्रीच्या उष्म्यात श्वसनात खर्च होतं. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या शेतावरच्या नोंदींवरून २००४ मध्ये प्रसिद्ध झालं होतं की कोरड्या हंगामात रात्रीचं किमान तापमान १ अंशाने वाढलं की उत्पादन साधारण १० टक्क्यांनी घटतं. एप्रिलअखेर-मेमध्ये आपल्याकडे रात्रीही पारा २५ च्या खाली येत नाही. पाणी भरून दिवसाची ऊब कमी करता येते, रात्रीवर इलाज नाही.

तेव्हा "पिकतं" हे खरं. किती पिकतं आणि किती पाणी खाऊन पिकतं, तेही मोजा.

चिखलणी | १९ नोव्हेंबर, दुपारी १:३०

तारीख ठरली असं धरून थंडीतल्या पऱ्ह्यांवर लिहितो, कारण लोक उशीर करतात ते याच भीतीने.

एक एकर रोवणीला ४ गुंठे पऱ्हे आणि बारीक-मध्यम दाण्याचं १५ ते २० किलो बी. आधी मिठाच्या पाण्याची परीक्षा: १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, त्यात बी टाकून ढवळा, तरंगेल ते फेका, तळाचं साध्या पाण्याने दोनदा धुवा. थंडीत हलकं बी उगवतं, पण त्याचं रोप तग धरत नाही.

मग २४ तास भिजवा. डिसेंबरात हौदाचं गार पाणी नको, बोअरचं ताजं कोमट पाणी घ्या. नंतर ओल्या पोत्यात बांधून तणसाच्या ढिगात दडपा. खरिपात २४-३० तासांत मोड येतात, थंडीत ४८ लागतात. पोतं १२ तासांनी एकदा उलटं करा, नाहीतर मधलं बी तापून आंबतं आणि कडेचं तसंच राहतं. मोड दाण्याच्या निम्म्याएवढा झाला की टाका. लांब मोड फेकताना तुटतात.

कोरडं बी थंड चिखलात टाकलं तर १० दिवस नुसतं बसून राहतं. तेवढ्यात पाखरं आणि बुरशी काम उरकतात. निम्मी तक्रार तिथेच संपते.

पाणी संध्याकाळी भरा आणि सकाळी सोडा. बोअरचं पाणी रात्रीच्या हवेपेक्षा गरम, ते वाफ्याला पांघरुणासारखं. सकाळी सोडलं की ऊन थेट चिखलावर पडतं आणि माती तापते. बरेच जण उलटं करतात: सकाळी पाणी देतात, रात्री वाफा उघडा. सकाळी पानांवरचं दव दोरी ओढून झाडा. पारा ८-९ वर आला तर काड्यांच्या कमानी करून वर प्लास्टिक टाका, पण ९ वाजता काढाच. झाकलेलंच ठेवलं तर दुपारी रोपं उकडतात.

पऱ्हे पिवळे-पांढरे दिसले की लोक युरिया मारतात. १० अंशांच्या मातीत मुळं नत्र उचलतच नाहीत. पानं मऊ होतात आणि कडाका आला की आणखी जळतात. आठवडाभर ऊब मिळाली की रंग आपोआप परततो. ऊब येऊनही नवी पानं मधल्या शिरेजवळ फिकी आणि जुन्या पानांवर तपकिरी ठिपके असतील तर तो जस्ताचा प्रश्न. त्याला ०.५ टक्के झिंक सल्फेट आणि ०.२५ टक्के चुना फवारा.

रोवणीचं वय दिवसांत मोजू नका. खरिपात ४-५ दिवसांना एक पान, थंडीत ७-८ दिवसांना. चार-साडेचार पानं आणि वीतभर उंची झाली की काढा. त्याला ३०-३५ दिवस लागतात, कडाका असला तर ४०.

वरकस | १९ नोव्हेंबर, सायंकाळी ६:००

कोकणातून. इथे प्रश्न थोडा वेगळा.

वायंगणाला किनाऱ्यावर थंडी फारशी आड येत नाही, डोंगराच्या पायथ्याशी आणि कर्जतकडे थोडी येते. रहू (म्हणजे तुमचे पऱ्हे) टाकतात नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, लावणी जानेवारीत उरकते. उशिराची भीती वेगळ्याच कारणाने. खाडीकाठच्या जमिनीत मार्चपासून खारटपणा वर चढतो आणि भात दोन वेळी मिठाला सर्वात हळवं असतं: रोप असताना आणि फुलोऱ्यात. शिवाय हवा दमट, त्यामुळे पोटरीभाऊ म्हणाले तसं माठाचं गणित इथे फारसं लागू होत नाही. गोव्यातही वायंगणात ज्योतीसारखे कमी दिवसांचे वाण धरतात ते उगाच नाही. मार्चअखेर-एप्रिलमध्ये कापणी झाली की सुटलो.

खरिपात मात्र आमच्याकडे तापमानापेक्षा पाऊस तारीख ठरवतो. समजा १०५ दिवसांचं हळवं (लवकर येणारं) कर्जत-१८४ रोहिणीत, २८ मेला धूळवाफेने (पावसाआधी कोरड्या मातीत) टाकलं. फुलोरा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, म्हणजे सकाळी फुलं उघडायच्या वेळी पाऊस, पराग धुऊन जातो. कापणी १० सप्टेंबरच्या आसपास, म्हणजे उभ्या लोंबीला कोंब. तेच हळवं मृगात १५ जूनला टाकलं तर फुलोरा ऑगस्टअखेर आणि कापणी सप्टेंबरअखेर. थोडं बरं, पण परतीचा पाऊस डोक्यावर असतोच. निमगरवं १२५-१३० दिवसांचं १० जूनला टाकलं तर कापणी १३ ते १८ ऑक्टोबर, तोवर पाऊस बहुतेक निघून गेलेला असतो. म्हणून सखल, पाणी धरणाऱ्या खाचरात गरवं-निमगरवं (जास्त आणि मध्यम दिवसांचं) आणि वरकसावर (उताराच्या हलक्या जमिनीवर) हळवं. वरकसावर गरवं लावलं तर ऑक्टोबरच्या उष्म्यात दाणे भरायच्या वेळी जमीन भेगाळते.

बांधीवाला | १९ नोव्हेंबर, रात्री ८:५०

वरकसदादा, हे छान. मग विदर्भात खरिपाच्या उशिराचं काय? पाऊस लांबला की रोवणी ऑगस्टच्या मध्यापर्यंत जाते.

मामातलाव | १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

त्यात दोन फटके.

पहिला गादमाशीचा. पूर्व विदर्भात ऑगस्टमधल्या रोवणीवर ती हमखास येते, कारण कोवळे फुटवे आणि तिची वाढलेली पिढी एकाच वेळी जमतात. फुटव्याचा कांद्याच्या पातीसारखा चंदेरी पोंगा झाला की त्याला लोंबी येत नाही. तेव्हा फवारून उपयोग नाही.

दुसरा थंडीचा. १४०-१५० दिवसांचं सुवर्णा जुलैच्या मध्यात टाकून ऑगस्टच्या मध्यात रोवलं तर निसवा नोव्हेंबरवर जातो. निसव्याच्या १०-१२ दिवस आधी, पोटरीत (लोंबी अजून पानाच्या फुगलेल्या आवरणात असते तेव्हा) पराग तयार होत असताना, रात्री १५ च्या खाली गेल्या तर पराग वांझ होतो आणि लोंबी पोटरीतून पूर्ण बाहेरही येत नाही, निम्मी अडकून राहते. हा दोष दिसतो तेव्हा घडून दोन आठवडे झालेले असतात.

म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पऱ्हे टाकायची वेळ आली तर भारी (जास्त दिवसांचे) वाण विसरा, ११५-१२० दिवसांच्या आतलं घ्या. आवत्या टाकली (रोवणी न करता बी थेट बांधीत फेकलं) तर रोवणीचा धक्का वाचतो आणि आठवडाभर आधी निसवतं, पण तणाची तयारी हवी.

पळिंज | १९ नोव्हेंबर, रात्री १०:१०

एक सांगू का, पांढरी लोंबी दिसली की लोक "उन्हाने गेली" म्हणतात. आधी ओढून बघा. चिमटीत धरून हलकी ओढली आणि सटकन निघाली, बुडाशी कुरतडलेलं किंवा भुसा दिसला, तर तो खोडकिडा. त्यात अख्खी लोंबी पांढरी आणि ताठ उभी असते.

उन्हाने गेलेली लोंबी ओढून निघत नाही. देठ हिरवाच, काही दाणे भरलेले, काही पोचट. ते पोचट दाणे एकाच टप्प्यात असतात, कारण लोंबी वरून खाली ५-७ दिवसांत फुलते. वरचा तिसरा भाग पोचट आणि खालचा भरलेला असेल तर निसव्याचे पहिले दोन-तीन दिवस तापले होते. पोचट दाणा नखाने उघडून भिंगाखाली बघा: परागकोश आतच, न फुटलेले, पिवळे दिसतील. तारीख लिहून ठेवली असेल तर कुठल्या दिवसाने घात केला ते सांगता येतं.

कणी | २० नोव्हेंबर, सकाळी १०:२५

दाणा भरण्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून.

भरायला सर्वात चांगलं तापमान २० ते २५ अंश. खरिपात निसव्यापासून कापणीपर्यंत ३०-३५ दिवस मिळतात, तापत्या उन्हाळ्यात २५ दिवसांच्या आसपास उरकतं. घाईने भरलेल्या दाण्यात पिठूळ कण सैल बसतात, तांदळाच्या पोटात पांढरा डाग पडतो आणि गिरणीत तो तिथेच मोडतो. उशिराच्या धानाची कणी जास्त पडते ती यामुळे. म्हणूनच आपल्याकडचं बरंचसं उन्हाळी धान उष्णा तांदूळ करायला जातं. उकडताना पिठूळ भाग घट्ट होतो आणि दाणा सांधला जातो.

उरलेली मोडतोड कापणीनंतरची. दाण्यात २०-२२ टक्के ओल असताना कापा, म्हणजे लोंबीचे वरचे ८०-८५ टक्के दाणे सोनेरी आणि बुडाचे थोडे हिरवट. "अजून दोन दिवस" करत १५ टक्क्यांवर नेलं तर मेच्या उन्हात उभ्या पिकातच दाणा तडकतो. कडपा (कापून पसरलेलं धान) तीन दिवस बांधीत ठेवू नका: दिवसा करकरीत वाळतो, रात्री थोडी ओल पितो, सकाळी पुन्हा वाळतो, तेवढ्यात आत बारीक चीर पडते. वाळवणही सावलीत किंवा पातळ थरात, दर तासाला हलवून. खरेदी केंद्रावर १७ टक्क्यांपर्यंत चालतं, साठवायचं तर १४.

बांधीवाला | २० नोव्हेंबर, रात्री ९:००

शेवटचे दोन प्रश्न. इटियाडोहसारख्या प्रकल्पाच्या कालव्यावर ज्यांचं पाणी आहे आणि ते जानेवारीतच सुटतं, त्यांनी काय करायचं? आणि रोवणीत, खतात काही बदल?

चिखलणी | २० नोव्हेंबर, रात्री १०:४०

पऱ्ह्यांना ४ गुंठ्यांपुरतंच पाणी लागतं, ते विहिरीचं किंवा शेजाऱ्याच्या बोअरचं चालतं. पऱ्हे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच टाका आणि कालव्याच्या पाण्यावर १०-१५ जानेवारीला रोवा. ४० दिवसांचे झाले तरी थंडीत त्यांना पाचच पानं असतात, म्हातारे नाहीत. पाणी फेब्रुवारीत येणार असेल तर १०१० सोडा, १००-१०५ दिवसांचं वाण घ्या किंवा धानच नको.

उन्हाळीत फुटवे कमी येतात म्हणून २० बाय १५ ऐवजी १५ बाय १५ सेंटिमीटर, चुडात (एका जागी) २-३ रोपं, खोली ३ सेंटिमीटरच्या आत. खोल रोवलं की गार चिखलात खालचे डोळे फुटत नाहीत.

हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ५० पालाश. स्फुरद-पालाश सगळं रोवणीला. नत्राचे मात्र तीन हप्ते: रोवणीला ४० ऐवजी ३० टक्के, कारण गार मातीत ते वाया जातं. ४० टक्के फेब्रुवारीत ऊब आल्यावर, फुटव्यांच्या भरात. ३० टक्के पोटरीच्या आधी, मुख्य खोड उभं चिरून आत बोटभर खाली पांढरा तुरा दिसला की. हा तुरा निसव्याच्या साधारण ३० दिवस आधी दिसतो. दिवस मोजून हप्ता दिला तर उन्हाळीत हमखास चुकतो, खोड चिरून बघाच.

पोटरी | २० नोव्हेंबर, रात्री ११:०५

एक राहिलं. यंदाच्याच खरिपाचं बी लगेच पऱ्ह्यांना वापरणार असाल तर आधी उगवण बघा. काही वाणांत कापणीनंतर काही आठवडे बी झोपलेलं असतं, मोडच येत नाहीत, आणि लोक थंडीला दोष देतात. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, घरात उबेला ठेवा, सातव्या दिवशी मोजा. ८० च्या वर आले तर वापरा. ५०-६० आले आणि उरलेले कुजलेले नसून टणक असतील तर बी मेलेलं नाही, झोपलेलं आहे. चार-पाच दिवस कडक उन्हात वाळवून पुन्हा बघा.

बांधीवाला | २० नोव्हेंबर, रात्री ११:२०

सात दिवस म्हणजे २८ तारीख. बी झोपलेलं निघालं तर वाळवून पुन्हा तपासायला ९ डिसेंबर उजाडेल, म्हणून दुसरीकडचं जुनं बीही आजच सांगून ठेवतो. दाणे उद्या सकाळी गुंडाळतो, आकडा इथेच टाकतो.